विश्लेषण : 'बार्गेन हंट' टिकले, 'लॉरेन' अर्ध्यावर... ब्रिटिश टीव्हीची दुपार का आक्रसतेय?

घरांचे लिलाव, जुन्या बाजारातली भांडी, गावाकडच्या घराचा शोध आणि सोफ्यावरच्या गप्पा. ब्रिटनमध्ये सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळेत टीव्हीवर वर्षानुवर्षे हेच चालते आणि लोक ते आवडीने बघतात. मात्र 'आयटीव्ही' या ब्रिटनच्या सर्वात मोठ्या व्यावसायिक वाहिनीने मे २०२५ मध्ये याच वेळेतील कार्यक्रमांना कात्री लावण्याची घोषणा केली. तीत सुमारे २२० नोकऱ्यांवर गदा आली. दुपारच्या या कार्यक्रमांची गोडी कशात आहे, त्यांच्या वेळा कशा ठरतात आणि कपातीत कोणते कार्यक्रम वाचतात, याविषयी...

आयटीव्हीचा निर्णय काय?

जानेवारी २०२६ पासूनच्या वेळापत्रकासाठी हा निर्णय आहे. लॉरेन केली यांचा 'लॉरेन' हा कार्यक्रम सकाळी ९ ते १० असा तासभर चालत असे. तो साडेनऊ ते दहा असा अर्ध्या तासावर आला, आणि तोही वर्षातून ३० आठवडेच. चार महिलांच्या चर्चेचा, १९९९ पासून सुरू असलेला 'लूज विमेन' हा कार्यक्रमही वर्षाला ३० आठवड्यांपुरता. 'गुड मॉर्निंग ब्रिटन' हे सकाळचे बातमीपत्र साडेनऊपर्यंत वाढवून त्याची निर्मिती 'आयटीएन' या वृत्तसंस्थेकडे देण्यात आली. 'लॉरेन' नसेल त्या आठवड्यांत हेच बातमीपत्र दहापर्यंत चालणार. 'धिस मॉर्निंग'ची सकाळी १० ते साडेबारा ही वेळ कायम राहिली.

दिवसाचे कार्यक्रम महत्त्वाचेच आहेत, पण या बदलांतून वाचणारा पैसा इतर प्रकारच्या कार्यक्रमांत गुंतवता येईल, अशी वाहिनीची भूमिका आहे. सकाळच्या गप्पांवरचा खर्च कमी करून तो संध्याकाळच्या आणि ऑनलाइन बघितल्या जाणाऱ्या कार्यक्रमांकडे वळवायचा, असा त्याचा सरळ अर्थ.

हे कार्यक्रम असतात तरी कसे?

लंडनमध्ये सव्वाबारा वाजले की बीबीसी वनवर साधारणपणे 'बार्गेन हंट' लागते. भारतात तेव्हा हिवाळ्यात पावणेसहा, उन्हाळ्यात पावणेपाच वाजलेले असतात. मार्च २००० मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचा साचा आजही तोच आहे. लाल आणि निळा असे दोन संघ, प्रत्येकी दोन माणसे. जुन्या वस्तूंच्या जत्रेत त्यांना ठरावीक रक्कम दिली जाते. ती सुरुवातीला २०० पौंड होती, पुढे ३०० झाली. एका तासात तीन वस्तू घ्यायच्या, सोबतीला एक जाणकार. मग त्या वस्तू लिलावात विकायच्या. नफा झाला तर तो संघाचा.

गंमत अशी, की नफा बऱ्याचदा होतच नाही. ६० पौंडांना घेतलेली चांदीची चमचेदाणी ३५ ला जाते, संघ हसून खांदे उडवतो आणि कार्यक्रम संपतो. कोणाचे नशीब फळफळत नाही, कोणी रडत नाही. जिंकलेली रक्कम एखाद्या जेवणाच्या बिलाइतकी. तरीही लिलावकर्त्याचा हातोडा खाली येईपर्यंत प्रेक्षक जागचा हलत नाही. कारण तोवर त्याने आपल्या मनाशी किंमत लावलेली असते आणि ती बरोबर येते का, एवढेच त्याला बघायचे असते.

नोव्हेंबर २००३ पासून सुरू असलेल्या 'होम्स अंडर द हॅमर'मध्ये हाच खेळ घरांवर खेळला जातो. ओल आलेले, छत गळणारे, मागच्या अंगणात गवत माजलेले एखादे घर लिलावात विकले जाते. निवेदक ते आधी फिरून दाखवतो. खरेदीदार आपला दुरुस्तीचा अंदाज सांगतो. काही महिन्यांनी कॅमेरा परत जातो. नवे स्वयंपाकघर, करड्या रंगाच्या भिंती, आणि स्थानिक इस्टेट एजंट येऊन सांगतो की आता किंमत किती, भाडे किती येईल. प्रत्येक दृश्याला शब्दश्लेष साधणारे गाणे लावण्याची या कार्यक्रमाची खोड इतकी प्रसिद्ध आहे, की पुढचे गाणे ओळखणे हाच अनेकांचा विरंगुळा. पायऱ्या दिसल्या की पायऱ्यांचे गाणे, खिडकी दिसली की खिडकीचे.

२००२ पासूनच्या 'एस्केप टू द कंट्री'त शहराला कंटाळलेले जोडपे खेड्यात घर शोधते. त्यातले एक 'मिस्टरी हाऊस', म्हणजे त्यांच्या अपेक्षेच्या चौकटीत न बसणारे. प्रत्येक घरात शिरल्यावर किमतीचा अंदाज करायचा. चॅनल फोरचे 'अ प्लेस इन द सन' हेच स्पेन, फ्रान्सच्या किनाऱ्यावर करते. स्वयंपाकात 'रेडी स्टेडी कुक' (१९९४ ते २०१०, नंतर २०२० मध्ये पुन्हा) पाच पौंडांच्या पिशवीतल्या जिन्नसांवर वीस मिनिटांत जेवण करायला लावत असे. 'आम्ही सारे खवय्ये' बघत दुपारची भाजी निवडणाऱ्या मराठी घरांना ही निवांत लय अनोळखी वाटणार नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कार्यक्रम मध्येच लावला तरी दोन मिनिटांत सगळे कळते. चहा ठेवायला उठले, दारात कुरिअर आले, दहा मिनिटे डुलकी लागली, तरी काही बिघडत नाही. हा कथानकाचा कच्चेपणा नाही. अर्धे लक्ष देऊन बघणाऱ्या माणसासाठी तो तसाच बांधलेला असतो. निवेदक ब्रेकनंतर सगळे पुन्हा सांगतो, तेही त्याचसाठी.

मुळात दुपारी टीव्ही सुरू कधी झाला?

आज विचित्र वाटेल, पण १९७२ पर्यंत ब्रिटनमध्ये टीव्हीने किती तास चालायचे हे सरकार ठरवत असे. शालेय कार्यक्रम, धार्मिक कार्यक्रम, खेळांचे थेट प्रक्षेपण यांना सवलत, बाकीच्यांना आठवड्याच्या तासांची मर्यादा. त्याआधी फेब्रुवारी १९५७ पर्यंत तर संध्याकाळी सहा ते सात टीव्ही बंदच असायचा, लहान मुलांना झोपवायला आईवडिलांना सोपे जावे म्हणून. जानेवारी १९७२ मध्ये तत्कालीन मंत्री ख्रिस्तोफर चॅटवे यांनी तासांची मर्यादा उठवली आणि त्याच वर्षी आयटीव्हीने दुपारचे कार्यक्रम सुरू केले. जाहिरातींवर जगणाऱ्या वाहिनीला प्रत्येक जादा तास म्हणजे जादा कमाई होती.

बीबीसीला ती घाई नव्हती. बर्मिंगहॅमच्या इमारतीच्या दर्शनी दालनातून होणारे 'पेबल मिल ॲट वन' सोडले, तर बीबीसी वनची दुपार बराच काळ शालेय कार्यक्रमांची आणि 'सीफॅक्स'च्या अक्षरांच्या पानांची होती. सलग दिवसाचे वेळापत्रक २७ ऑक्टोबर १९८६ रोजी आले. त्यात 'नेबर्स' ही ऑस्ट्रेलियन मालिका दुपारी दाखवली जायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे पुनःप्रक्षेपण व्हायचे. शाळकरी मुले ती हुकवत होती. जानेवारी १९८८ मध्ये पुनःप्रक्षेपण सकाळऐवजी संध्याकाळी ५.३५ वाजता आणले आणि मालिका देशभर गाजली. कार्यक्रम तोच होता, बदलली ती फक्त वेळ.

३ ऑक्टोबर १९८८ रोजी आयटीव्हीने लिव्हरपूलच्या अल्बर्ट डॉकमधून 'धिस मॉर्निंग' सुरू केले. रिचर्ड मॅडली आणि ज्युडी फिनिगन हे पतिपत्नी निवेदक, गोदीच्या पाण्यावर तरंगणारा ब्रिटनचा नकाशा आणि त्यावर उड्या मारत सांगितलेले हवामान. बीबीसीने १९९२ मध्ये 'गुड मॉर्निंग विथ ॲन अँड निक' आणून टक्कर देऊन पाहिली. १९९६ मध्ये ते गुंडाळावे लागले. सकाळी दहाची सवय एकदा लागली की ती सहज मोडत नाही, हे त्यातून दोन्ही वाहिन्यांना कळले.

वेळापत्रक बांधतात कसे?

खांब आधी रोवायचे आणि मग त्यांच्यामध्ये भिंती भरायच्या, असे त्याचे स्वरूप आहे. बीबीसी वनवर खांब म्हणजे बातम्या. सकाळचे 'ब्रेकफास्ट', दुपारी एकच्या बातम्या (जून २०२४ पासून सॅलफर्डहून, तासभर) आणि संध्याकाळी सहाच्या बातम्या. 'ब्रेकफास्ट' संपले की 'मॉर्निंग लाइव्ह', ज्यात वीजबिल, ऑनलाइन फसवणूक, रक्तदाब असे घरगुती विषय. एकच्या बातम्यांच्या आधी 'बार्गेन हंट', म्हणजे बातम्यांसाठी टीव्ही लावणारा पाऊण तास आधीच येऊन बसतो. बातम्यांनंतरच्या लांब दुपारी घरे आणि जुन्या वस्तू. सहाच्या आधी 'पॉइंटलेस'सारखी प्रश्नमंजूषा, कारण तेव्हा कामावरून परतलेली माणसे घरात शिरू लागतात आणि सगळ्यांनी मिळून उत्तरे देण्याजोगे काही हवे असते.

सोमवार ते शुक्रवार एकच कार्यक्रम एकाच वेळी, हा दुसरा नियम. संध्याकाळी आठवड्यातून एकदा येणाऱ्या मालिकेची जाहिरात करावी लागते. दुपारच्या कार्यक्रमाची करावी लागत नाही. निवृत्त माणसाचा दिवस या कार्यक्रमांवर आखला जातो. हा लागला की जेवण, तो लागला की औषध. म्हणूनच विम्बल्डन किंवा स्नूकरच्या दिवसांत वेळापत्रक हलले, की सर्वात आधी कुरकुर याच प्रेक्षकांतून येते.

एक मोठी जागा मुलांमुळे रिकामी झाली. शाळा सुटल्यानंतरचे मुलांचे कार्यक्रम डिसेंबर २०१२ मध्ये बीबीसी वनवरून हटवून स्वतंत्र डिजिटल वाहिन्यांवर नेण्यात आले. तीन ते पाचची ती वेळ मोठ्यांना मिळाली, आणि मोठ्यांसाठी हाताशी काय होते, तर घरे आणि लिलाव.

आता आकडेमोड. दिवसाच्या कार्यक्रमांना संध्याकाळच्या तुलनेत तुटपुंजा पैसा मिळतो आणि त्यात रोजचे आठ-नऊ तास भरायचे असतात. अशा वेळी एकदा चित्रित करून पाच-सात वेळा दाखवता येणारा कार्यक्रम हा हुकमी एक्का ठरतो. घर दुरुस्तीचा दहा वर्षे जुना भाग आजही चालतो. उलट त्यातल्या जुन्या किमती ऐकून प्रेक्षक कपाळावर हात मारून घेतो, हा वरचा फायदा. लेखक नको, अभिनेते नको, सेट नको. घर खरेदीदाराचे, लिलावगृह दुसऱ्याचे, आणि दुरुस्तीचा खर्चही खरेदीदाराचाच.

मग बंद काय पडते?

जे पुन्हा दाखवता येत नाही किंवा स्वस्तात बनत नाही ते. बर्मिंगहॅममध्ये तयार होणारी 'डॉक्टर्स' ही बीबीसीची दुपारची मालिका मार्च २००० मध्ये, म्हणजे 'बार्गेन हंट'च्याच महिन्यात, सुरू झाली होती. साडेचार हजारांहून अधिक भागांनंतर १४ नोव्हेंबर २०२४ रोजी ती संपली. नाट्यनिर्मितीचा खर्च प्रचंड वाढल्याचे कारण बीबीसीने दिले. नव्या लेखकांना आणि कलाकारांना पहिले काम देणारी ती जागा होती. 'बार्गेन हंट' मात्र सुरू आहे.

आयटीव्हीच्या कपातीतही हाच धागा दिसतो. 'लॉरेन' आणि 'लूज विमेन' हे थेट प्रक्षेपणाचे कार्यक्रम. रोज स्टुडिओ, रोज पाहुणे, रोज संशोधन करणारी तरुण मुले, आणि दुसऱ्या दिवशी त्या भागाची किंमत शून्य. दुपारची गोडी ज्या दोन गोष्टींवर उभी आहे त्यांपैकी एक म्हणजे सवय, ती पुनःप्रक्षेपणानेही भागते. दुसरी म्हणजे 'आत्ता, या क्षणी कोणीतरी आपल्याशी बोलत आहे' ही भावना. ती फक्त थेट कार्यक्रमातून मिळते, आणि कात्री नेमकी तिथेच लागत आहे.

पाहते कोण?

निवृत्त लोक हा मोठा वर्ग. त्याशिवाय रात्रपाळी करून आलेले, बाळंतपणाच्या रजेवरच्या आया, आजारी, बेरोजगार, घरून काम करणारे, आणि पहिले लेक्चर बुडवलेले विद्यार्थी. रुग्णालयाचा वॉर्ड, दंतवैद्याची प्रतीक्षा खोली, वृद्धाश्रमाचा दिवाणखाना, इथेही पडद्यावर हेच. जाहिराती बघितल्या तरी प्रेक्षक ओळखता येतो. पन्नाशीपुढच्यांसाठी विमा, जिन्याला बसवायची खुर्चीची लिफ्ट, अंत्यविधीची आगाऊ तरतूद.

या प्रेक्षकाला 'टाइमपास करणारा' म्हणून हिणवण्याची जुनी रीत ब्रिटिश समीक्षकांत आहे. ती अन्यायाची आहे. एकटे राहणाऱ्या माणसाच्या घरात दिवसभरात ऐकू येणारा पहिला आवाज अनेकदा निवेदकाचाच असतो. शिवाय दिवसाच्या कार्यक्रमांतून पुढे आलेले काही प्रयोग संध्याकाळी चमकले. २००९ मध्ये बीबीसी टूवर दुपारी आलेले 'पॉइंटलेस' २०११ मध्ये बीबीसी वनवर गेले. घरोघरच्या तुटक्या वस्तू दुरुस्त करून देणारे 'द रिपेअर शॉप' २०१७ मध्ये बीबीसी टूवर सुरू झाले आणि २०२० मध्ये बीबीसी वनच्या प्राइम टाइमला पोहोचले.

दुपारचा सगळाच इतिहास गोडगोड आहे असे मात्र नाही. घरगुती भांडणे स्टुडिओत आणणारा 'द जेरेमी काइल शो' २००५ पासून आयटीव्हीवर सकाळी चालत होता. सहभागी झालेल्या एका व्यक्तीच्या मृत्यूनंतर मे २०१९ मध्ये तो बंद झाला. कार्यक्रमांत भाग घेणाऱ्यांची काळजी घेण्याबाबतचे 'ऑफकॉम' या नियामकाचे नवे नियम एप्रिल २०२१ मध्ये लागू झाले. जाहिरातींच्या बाबतीतही दुपारच हद्द ओलांडण्याची जागा ठरली. कार्यक्रमात पैसे घेऊन वस्तू दाखवण्याला परवानगी मिळाली, तेव्हा २८ फेब्रुवारी २०११ रोजी पहिली वस्तू झळकली ती 'धिस मॉर्निंग'च्या स्वयंपाकघरात. ते एक कॉफीचे यंत्र होते.

स्वप्नातले घर खरोखर मिळते?

इथे गोडीला थोडी कडू किनार आहे. इंग्लंडमध्ये १९९७ साली सरासरी घराची किंमत वार्षिक पगाराच्या साधारण साडेतीन पट होती. २०२४ मध्ये ती ७.७ पट झाली. घरांचे हे सगळे कार्यक्रम नेमके याच काळात जन्मले आणि वाढले. किमती चढत असताना 'होम्स अंडर द हॅमर' हा घर घेऊन भाड्याने देण्याचा वर्गच होता. आज तोच भाग भाडेकरू तरुण बघतो, तेव्हा पडद्यावरचा हसरा खरेदीदार त्याला घरमालक म्हणून दिसतो. दोन बेडरूमचे ते घर त्याने पहिले घर म्हणून घेतले असते.

परदेशातल्या घराचेही तसेच. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश नागरिकांना व्हिसाशिवाय युरोपच्या शेंगेन देशांत १८० दिवसांतले ९० दिवसच राहता येते. घर खरेदीवर निवासाचा हक्क देणारा स्पेनचा 'गोल्डन व्हिसा' एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला. त्याआधी जानेवारीत, युरोपीय संघाबाहेरच्या अनिवासी खरेदीदारांवर १०० टक्क्यांपर्यंत कर लावण्याचा प्रस्ताव पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी मांडला. 'अ प्लेस इन द सन' तरीही चालतेच. त्याच्या बहुतेक प्रेक्षकांना घर घ्यायचे नसतेच. बाहेर पाऊस पडत असताना चार वाजता त्यांना ऊन बघायचे असते.

आता पेच कशाचा?

प्रेक्षक घड्याळ सोडून चालला आहे. ऑफकॉमच्या जुलै २०२५ च्या अहवालानुसार यूट्यूब हे ब्रिटनमधले दुसऱ्या क्रमांकाचे सर्वाधिक बघितले जाणारे माध्यम ठरले. बीबीसी पहिले, आयटीव्ही तिसरे. ५५ वर्षांवरील प्रेक्षकांचे टीव्हीच्या पडद्यावर यूट्यूब बघणे दोन वर्षांत दिवसाला ६ मिनिटांवरून ११ मिनिटांवर गेले. आकडा लहान आहे, पण दुपारचा हक्काचा प्रेक्षक हाच. घर दुरुस्ती, जुन्या वस्तू, स्वयंपाक हे विषय यूट्यूबवर हवे तेव्हा आणि हवे तितके मिळतात.

बीबीसीपुढचा प्रश्न वेगळा आहे. तिचा परवाना शुल्कावर चालणारा कारभार ज्या राजसनदेने बांधला आहे, तिची मुदत २०२७ च्या अखेरीस संपते, आणि पुढची व्यवस्था कशी असावी यावर ब्रिटनमध्ये वाद सुरू आहे. एप्रिल २०२५ पासून हे शुल्क वर्षाला १७४.५० पौंड झाले. ७५ वर्षांवरील सर्वांना ते पूर्वी माफ होते. ऑगस्ट २०२० पासून ही माफी 'पेन्शन क्रेडिट' मिळणाऱ्या, म्हणजे अल्प उत्पन्नाच्या वृद्धांपुरतीच राहिली. बाकीचे वृद्ध पूर्ण शुल्क भरतात, दिवसा सर्वाधिक तास टीव्हीसमोर तेच असतात, आणि त्यांच्या वाट्याला येणारे कार्यक्रम सगळ्यात कमी पैशांत बनतात. त्यातही पुनःप्रक्षेपणांचा भरणा मोठा.